ऑल्डरमियरची मान्यता

९ मे २००२

संस्थेच्या अध्यक्षांची, गणपतरावांची, गाडी आज मला न्यायला आमच्या दारात आली. एकोणीस वर्षं या कॉलेजात इंग्रजी शिकवते, पण गणपतरावांनी कधी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. आज मात्र "या या, विद्याश्रीबाई" म्हणत उठून खुर्ची दिली.

ऑल्डरमियर युनिव्हर्सिटी. अर्धी अमेरिकेत, अर्धी इंग्लंडात. अटलांटिकच्या दोन्ही काठांना एकेक कॅम्पस. तिच्याशी संस्थेचा करार झालाय. जुलैपासून आपल्याच इमारतीत त्यांचा लिबरल आर्ट्सचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होणार, शिकवायचं आपण, पदवी त्यांची. एकाच विद्यार्थ्यानं गणितही घ्यायचं, नाटकही आणि तत्त्वज्ञानही.

"म्हंजे भेळ की ओ," गणपतराव म्हणाले. "सगळं थोडं थोडं. पर कागद परदेशी. समन्वयक तुमी. तुमच्यासारखं इंग्रजी हाय कुणाचं हितं?"

गेल्या वर्षी विभागप्रमुखपद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान माणसाला दिलं ते यांनीच. मी तो विषय काढला नाही. उद्या स्टाफरूममधली तोंडं बघायची आहेत. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

११ मे

तोंडं बघितली. अभिनंदन सगळ्यांनी केलं, हसलं कुणीच नाही. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "आता काय बाई, तुम्ही विलायतेच्या." आमच्या विभागप्रमुखांनी वर्तमानपत्र खाली घेतलंच नाही.

प्रश्न विचारला तो फक्त ग्रंथपालानं. प्रसेनजीत शिंगे. सदा पुस्तकांच्या धुळीनं शिंकत असतो, आणि बोलतो असं की समोरचा खोटंच बोलतोय.

"मॅडम, ह्या युनिव्हर्सिटीला मान्यता कुणाची हाय?"

मी माहितीपत्रक पुढं केलं. त्यावर ठळक छापलंय, पूर्ण मानांकित.

"ते त्यांनीच छापलंय की. मी विचारतोय, दिली कुणी?"

सगळी स्टाफरूम कान टवकारून बसली होती. मी म्हणाले, "शिंगे, तुम्ही पुस्तकांवर शिक्के मारा. हे माझ्यावर सोडा." दोघंतिघं हसले. तो हसला नाही, रागावलाही नाही. पत्रक घडी करून खिशात घातलं.

राखीव जागेवर लागलेला माणूस, दुसऱ्याला काही मिळालेलं बघवत नाही, असं मनात आलं. तोंडाने बोलले नाही. पण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते.

१९ जून

अक्षताचा डी.एड.ला नंबर लागला. सरकारी जागा. तिचा बाप, माझा भाऊ अण्णा, खूश. दोन वर्षांनी पोरगी मास्तरीण होणार, गुळाच्या अडतीतला त्याचा जन्म सार्थकी. मला मात्र अक्षताचं बोलणं आठवत राहिलं. भावाची मुलगी असली तरी ती माझ्या हाताखाली वाढलीय. परवाच विचारत होती, "अत्ती, आकाश निळं का ते पण शिकायचं आणि त्यावर कविता का करतात ते पण. असं कुठं शिकवतात?"

जेवताना मी विषय काढला. अण्णा घास हातात धरून बसला.

"हातातली जागा सोडायची? खुळ्यागत बोलू नकोस."

"परदेशी पदवी आहे, अण्णा. मी स्वतः बघतेय सगळं."

अव्वा, आमची आई, कन्नडमधून म्हणाली, पोरीला विचारा. पोरीनं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघून कुणी इतका मोठा निर्णय घेतल्याचं आठवत नाही.

अण्णा शेवटी म्हणाला, "तू बघतीयास म्हणून. नाहीतर मी हो म्हटलं नसतं."

२७ जुलै

तेवीस विद्यार्थी. पहिले पंधरा दिवस कुणी तोंडच उघडेना. मग मी ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि राधानगरीचं धरण हा विषय घेतला. पाण्याच्या दाबानं दरवाजे आपोआप कसे उघडतात, हे पदार्थविज्ञानाच्या सरांनी सांगितलं. धरणाखाली गेलेल्या जमिनींचं मी सांगितलं. मग मुलांना लिहायला बसवलं. बाळासो नावाचा मुलगा राधानगरीकडचाच. घरी म्हशी, आई दूध घालते डेअरीला. त्यानं लिहिलं, "दरवाजा उघडला की आमच्यात आई पहिली म्हशी मोजते. मी आज पहिल्यांदा विचारलं की दरवाजा का उघडतो." मी ते वर्गाला दोनदा वाचून दाखवलं.

एकोणीस वर्षं मी गाइडं शिकवली. आता शिकवतेय.

एक मुलगा सोडून गेला, सुहास. सैन्यभरतीत निवड झाली. बावीस उरले.

१४ नोव्हेंबर

ऑल्डरमियरची मूल्यांकन समिती आली. समिती म्हणजे दोन माणसं, डॉ. प्रेंटिस आणि त्यांच्याबरोबर एक इंग्रज बाई. मी सहा महिन्यांची, म्हणजे करारापासूनची सगळी फाइल लावून ठेवली होती. विषयवार उद्दिष्टं, हजेरी, मुलांचे निबंध, परीक्षेच्या पद्धती. अकरा फाइली. त्यांनी वरची उघडली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि पन्हाळ्याला गेले. तांबडा-पांढरा रस्सा त्यांना सोसला नाही, त्यामुळे दुपारचं वर्गनिरीक्षण रद्द झालं.

संध्याकाळी सभागृहात गणपतरावांना मानद डॉक्टरेट दिली. लाल झगा त्यांना आखूड झाला. फेटा काढायचा की त्यावरच टोपी घालायची यावर स्टेजवर पाच मिनिटं खल चालला. शेवटी फेट्यावर टोपी.

त्याआधी ग्रंथालयात तमाशा व्हायचा राहिला. पाहुणे नुसते डोकावले होते. शिंगेनं मोडक्या इंग्रजीत सरळ विचारलं, "सर, तुमच्या विद्यापीठाला मानांकन कोण देतं?" प्रेंटिस गोड हसले, खिशातून कार्ड काढून दिलं. त्यावर कुठल्याशा ट्रान्सअटलांटिक परिषदेचं नाव होतं. शिंगेनं त्यांच्यासमोरच वहीत पत्ता उतरवून घेतला, पिनकोडसकट. दुकानात मालाचं वजन तपासावं तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५ डिसेंबर

शिंगे माझ्या टेबलाशी आला. हातात दोन कागद. एकावर परिषदेचा पत्ता, दुसऱ्यावर ऑल्डरमियरच्या फी भरण्याच्या पावतीचा पत्ता.

"बघा मॅडम. रस्ता त्योच, इमारत तीच, खोली नंबर बी त्योच."

"एका इमारतीत दहा ऑफिसं असतात."

"एका खोलीत?"

मी म्हटलं, "शिंगे, तुम्हाला नक्की खुपतंय काय? कार्यक्रम खुपतोय की मी?"

त्यानं दोन्ही कागद उचलले. म्हणाला, "बावीस पोरं हाईत. तिकडं सगळ्या मानांकित विद्यापीठांची यादी ठेवणारं एक कार्यालय असतंय. मी पत्र टाकलंय त्येला. तुमास्नी सांगून टाकावं म्हटलं, मागनं नको."

कॉलेजच्या लेटरहेडवर. मला न विचारता.

दुपारी बसून गणपतरावांच्या नावे अर्ज लिहिला. सदर कर्मचारी परदेशी पाहुण्यांसमोर संस्थेची बदनामी करतात, अधिकार नसताना पत्रव्यवहार करतात. दोन पानं झाली. कच्चं लिहून पक्कं केलं.

६ जानेवारी २००३

शिंगेची बदली चंदगडच्या ज्युनिअर कॉलेजला झाली. तिथं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं. नवीन माणूस मिळेपर्यंत ग्रंथालयाचा ताबा माझ्याकडं. किल्ल्या द्यायला आला तेव्हा मी कामात असल्याचं दाखवलं.

"मॅडम, मी दाराबाहेर उभं राहून तुमचे तास ऐकलेत," तो म्हणाला. "चांगलं शिकवता. तुमी वाईट शिकवत असता तर पोरं आपोआप निघून गेली असती. आता जात न्हाईत."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला कळलं नाही. बहुतेक टोमणाच.

२२ मार्च

निकाल आले. अक्षताला सगळीकडं ए. जाड कागद, सोनेरी शिक्का. अण्णानं अडतीत सगळ्यांना दाखवला.

एक गंमत झाली. सुहासलाही बी प्लस मिळालाय, खाली शेरा, "वर्गातील चर्चेत उत्साहाने भाग घेतो." तो जुलैपासून सैन्यात आहे. तिकडच्या कारकुनाची चूक असणार. आणि बाळासोच्या शेऱ्यात त्याला मुलगी करून टाकलंय. सुहासचा निकाल मी फाइलमधून काढून ठेवला, उगाच कुणाच्या हाती नको. दोन रात्री मात्र नीट झोप नाही. उन्हाळा यंदा लवकर सुरू झालाय.

२४ जून

केरबा शिपाई टपाल घेऊन आला. एक परदेशी पाकीट, "ग्रंथपाल" या नावानं. ताबा माझ्याकडं म्हणून माझ्या टेबलावर.

एकच परिच्छेद आहे. ऑल्डरमियर युनिव्हर्सिटी आमच्या यादीत नाही, कधीही नव्हती. तिला मानांकन देणारी म्हणवणारी परिषदही आम्हाला मान्य नाही. तिच्या पदव्या अन्यत्र ग्राह्य धरल्या जातील अशी अपेक्षा ठेवू नये. विचारणा केल्याबद्दल आभार.

चार वेळा वाचलं. पत्र संदर्भग्रंथांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. खाली यंदाच्या नवीन तुकडीसाठी अर्ज घ्यायला रांग लागली होती.

१ जुलै

आज प्रवेश दिले. एकेचाळीस. मी माझ्या हातानं दिले.

कागलहून एक बाप आला होता, आकाराम. गवंडीकाम करतो. मुलगी दीप्ती, बारावीला तालुक्यात दुसरी. बुद्धविहारात तिचा सत्कार झाला, त्याचा फोटो तो बरोबर घेऊन आला होता. सही करायच्या आधी त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

"बाई, मला वाचता येतंय, पर इंग्रजी न्हाय. ह्यात काय अडचण न्हाय न्हवं?"

कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

मी म्हणाले, "काही अडचण नाही." त्यानं सही केली. जाताना मला नमस्कार केला.

असं का केलं ते लिहायला बसले होते. सांगितलं असतं तर बावीस जणांचं वर्ष फुकट गेलं हे कबूल करावं लागलं असतं. अक्षताचंही. स्टाफरूममध्ये ते सगळे पुन्हा वर्तमानपत्रामागे हसले असते. दुसऱ्या कुठल्या यादीत ऑल्डरमियरचं नाव असेल असंही वाटतं. असेलच.

१६ जुलै

अक्षता एका शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठात गेली होती. पात्रता विभागातल्या माणसानं निकालपत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "हे भिंतीवर लावायला झकास हाय. आमच्यात चालत न्हाय." दुसऱ्या टेबलावरचा हसला.

घरी आली तेव्हा रडत नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"अत्ती, तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं लगेच विश्वास ठेवला. म्हणाली, "मग तुलाही फसवलं त्यांनी." आणि मला मिठी मारली. अव्वा चुलीकडं बघत होती. अव्वा सगळं ओळखते.

२० जुलै

चंदगडला गेले. एस.टी.त खिडकी बंद होत नव्हती, साडी चिंब. शिंगे एका खोलीत राहतो, भिंतींना ओल आलीय, पुस्तकं पलंगावर प्लास्टिकखाली. दार उघडून तो मला आत या म्हणाला नाही. मी आपणहून गेले.

पत्र पुढं केलं. त्यानं वाचलं, तारीख बघितली.

"पंचवीस-सव्वीस दिस झाले की मॅडम."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं. आता तुम्हीच हे पुढं आणा. पत्र तुम्ही मागवलं होतं."

"माझी बदली तुमच्या अर्जावर झाली," शिंगे म्हणाला. "साहेबांनी मला त्यो वाचाय दिला हुता. दोन पानं. अक्षर चांगलं हाय तुमचं." मग थांबून, "सहा म्हयनं माझी बायको तिकडं, मी हितं. आई गेली तवा वेळेत पोचलो न्हाय. रस्ता वाहून गेलता. आणि आता परत मीच बोलू? मी बोललो तर उद्या म्हणतील, बदलीचा राग काढला."

मी माफी मागितली. खरंच मागितली.

"ती नको मला," तो म्हणाला. "कामाचं ऐका. कुलगुरूंच्या परवानगीनं पहिल्या वर्षाला नऊ ऑगस्टपतोर प्रवेश मिळतोय. पर पोरास्नी लेखी लागंल की हा कोर्स कुठंच मान्य न्हाय. ते समन्वयकाच्या सहीचं पायजे. माझी सही चालत न्हाय. तुमचीच चालती."

छत्री दिली नाही. चहा विचारला नाही. फाटकापर्यंत मात्र आला आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते सांगितलं.

२२ जुलै

गणपतरावांकडं गेले. दारावरची पाटी आता "डॉ. गणपतराव". पत्र वाचून त्यांनी पाकीट उलटं केलं.

"कुणाच्या नावानं हाय? ग्रंथपालाच्या. आपल्यात ग्रंथपाल हाय का?"

"नाही."

"मग पत्र बी न्हाय."

मी म्हटलं, मुलांना सांगावं लागेल. नऊ ऑगस्टच्या आत.

"बाई, डोकं ठिकाणावर हाय का? त्रेसष्ट पोरांचे आईबाप दारात येतील. कुणाच्या? माझ्या न्हवं. प्रवेशाच्या कागदावर सही कुणाची हाय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्राचार्यांची मुदत डिसेंबरला संपतीया. इचार करा."

हे खरं लिहायचं तर, जिना उतरेपर्यंत मी विचार केला.

२६ जुलै

सगळ्या पालकांना आजच्या सभेसाठी मी स्वतः पत्रं टाकली होती. सभागृहाला कुलूप होतं. केरबा म्हणाला, "सायबांनी किल्ली नेलीया," आणि लांब जाऊन उभा राहिला. मग सायकल स्टँडपाशी पायऱ्यांवर उभी राहून बोलले. शंभरेक माणसं. अक्षता पहिल्या ओळीत, तिच्या शेजारी अण्णा.

पत्र मराठीत करून वाचलं. दोन मिनिटं कुणाला समजलंच नाही. मग एकदम आरडाओरडा. कुणी फाइल फेकली. माझ्या कपाळाला लागली, फार नाही.

बाळासोची आई बायडाबाई पुढं आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला.

"बाई, माझं पोरगं घरी येऊन रोज काय काय सांगायचं. तुमी शिकीवलं ते बी खोटं का?"

"नाही. ते खरं होतं."

"मग खरं शिकीवलंसा आन् खोटा कागद दिलासा. उलटं तरी करायचं हुतं. कागद तरी चालला असता."

कुणीतरी हसलं. ती हसली नव्हती.

मागून आकाराम ओरडला, "पत्र आलं कवा?"

खोटं बोलता आलं असतं. पाकिटावरचा शिक्का पुसटच होता.

"चोवीस जूनला," मी म्हणाले.

"माझ्या पोरीचं नाव कवा घातलं?"

"एक जुलैला."

"कुणी?"

"मी."

मी अक्षताकडं बघितलं नाही. पण ती जागची हलल्याचं कळलं. आता निघून जाईल असं वाटलं. ती पायऱ्या चढून माझ्या शेजारी आली, माझ्या हातातला, कोर्स मान्य नसल्याच्या दाखल्यांचा गठ्ठा घेतला आणि मोठ्यानं नावं पुकारायला लागली. एकेक दाखला द्यायची, नऊ ऑगस्ट ही तारीख सांगायची. त्रेसष्ट नावं. तेवढ्या वेळात माझ्याशी एक शब्द नाही. मी नुसत्या सह्या करत राहिले.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं. तू नाही म्हणालीस."

अण्णा माझ्याशी बोलला नाही. माझं ताट अव्वानं खोलीत आणून दिलं.

२९ जुलै

निलंबनाचं पत्र आलं. गणपतरावांनी वर्तमानपत्रात निवेदन दिलंय. संस्थेची फसवणूक झाली असून, समन्वयक विद्याश्रीबाई यांनी महत्त्वाचं पत्र दडवून नवीन विद्यार्थ्यांना प्रवेश दिले. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, याचाच जास्त राग येतो. डॉक्टरेटबद्दल त्यात काही नाही.

१२ ऑगस्ट

चौदा दिवस विद्यापीठाच्या जिन्यात काढले. पात्रता विभागातल्या त्याच माणसासमोर रोज उभी राहिले. पहिल्या दिवशी म्हणाला, "आता कशाला आलाय?" पाचव्या दिवसापासून न बोलता फॉर्म घ्यायला लागला. अक्षताला दुसऱ्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. एक वर्ष गेलं. डी.एड.ची जागा कधीच दुसऱ्या कुणाची झाली. बाळासोलाही मिळाला.

पहिल्या तुकडीतले सगळे लागले. दुसरीतले चाळीस. राहिली एक, दीप्ती. तिचं बारावीचं मूळ गुणपत्रक संस्थेच्या कार्यालयात अडकलं होतं. अकरा तारखेला दिलं. दोन दिवस उशीर.

३१ ऑगस्ट

कागलला गेले. आकाराम घरी होता. दारातच म्हणाला, "पावणं, पाणी घ्या आणि जावा." पाणी प्याले आणि आले. दीप्ती आत होती, बाहेर आली नाही.

७ सप्टेंबर

परत गेले. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून परीक्षेचा अर्ज भरला तर दीप्तीचं वर्ष वाचतं. मुदत पंधरा सप्टेंबर. अर्ज घेऊन गेले होते.

आकाराम ओट्यावर पाय सोडून बसला होता, हाताला सिमेंट.

"सही पायजे?" तो म्हणाला. "एक सही केली की तुमच्या टेबलावर. तुमाला नमस्कार बी केला. घरला येऊन बायकोला म्हटलं, बाई सज्जन हाय."

मी अर्ज त्याच्यापुढं ठेवला. अर्ज मराठीत आहे, तुम्ही पूर्ण वाचा, एवढं म्हणाले. त्यानं हात धुतले. वाचायला पाऊण तास लावला. प्रत्येक ओळीखाली बोट. दोन ठिकाणी अर्थ विचारला, पण मला नाही, दीप्तीला. ती दारात येऊन उभी राहिली होती. दोन वेण्या, घरचा परकर, डोळे खाली नाहीत.

"बाबा, ह्यात तुमची सही लागतच न्हाय," ती म्हणाली. "अठरा पूर्ण झाल्यात मला."

तिनं स्वतः सही केली. मग माझ्याकडं वळली. "बहिःस्थ म्हणजे कॉलेजला जायचं नाही ना? मग शिकवणार कोण?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. "आपलं आपण." मग म्हणाले, "मी येऊ शकते. रविवारी."

आकाराम कडवट हसला. "ह्यापरीस आमी अडाणीच बरं हुतो म्हणायची पाळी आणलीसा तुमी, आन् आता शिकवाय येताय?"

दीप्ती म्हणाली, "बाबा, चाळीस जणांना शिकवायला कॉलेज हाय. मला कोण हाय?"

त्यानं अर्ज पुन्हा एकदा चाळला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "या रविवारी. पर आधीच सांगतो, मी शेजारी बसणार. तुमी बोलशिला त्यो एकेक शब्द ऐकणार. समजला न्हाय तर थांबवणार."

"चालेल," मी म्हणाले.

"चालायलाच पायजे," तो म्हणाला.

परत येताना गाडीत पहिला धडा काढून बसले. अर्थशास्त्र, मागणी आणि पुरवठा. तीन वेळा लिहून तीन वेळा खोडला. यातली खोटी वाटेल अशी एकही ओळ राहता कामा नये. गवंड्याला समजेल असं लिहायला लागले, आणि कळलं की हा धडा मला स्वतःलाच नीट समजलेला नाही. आता रविवारपर्यंत समजून घ्यायचा आहे.